अशोकमामांच्या पिक्चरांचे नंबर लावूया, पण बनवाबनवी डोळे मिटून पहिला टाकायचा नाही!

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. अशोक सराफांच्या बेस्ट पिक्चरांची यादी कुणीही करायला घेतो तेव्हा पहिल्या नंबरावर ‘अशी ही बनवाबनवी’ टाकतो आणि मग खाली आठवतील तशी नावं ओततो. पण मग बाकीच्या पिक्चरांवर कुणी बोलतच नाही. मामांनी पन्नास वर्षं काम केलंय, 2023 चा महाराष्ट्र भूषण मिळाला, 2025 ला पद्मश्री झाली, आणि आपण अजून एकाच पिक्चरच्या चार डायलॉगांवर भागवतोय हे मला पटत नाही.

म्हणून मी एक कसोटी लावतो. पिक्चरमधून मामांना काढायचं आणि त्यांच्या जागी दुसरा चांगला, अगदी चांगला कॉमेडी नट ठेवायचा. आता पिक्चर किती कोसळतो ते बघायचं. जो सगळ्यात जास्त कोसळेल तो पहिला.

या हिशोबाने माझा पहिला नंबर ‘धुमधडाका’ (1985). महेश कोठारेचं दिग्दर्शक म्हणून हे पहिलं पिक्चर. गोष्ट काही नवी नव्हती, तमिळमध्ये आणि नंतर हिंदीत ‘प्यार किये जा’ मध्ये येऊन गेलेली. पण मामांचा यदुनाथ जवळकर बघा. तरुण माणूस म्हाताऱ्याचा मेकअप करून मित्राचा श्रीमंत बाप म्हणून धनाजी वाकड्यांच्या बंगल्यात शिरतो आणि त्याच घरात त्याची स्वतःची मैत्रीण आहे, म्हणजे एकीकडे बापाचा तोरा सांभाळायचा, एकीकडे पोरीला तोंड दाखवायचं नाही, आणि समोर शरद तळवलकरांसारखा माणूस, जो एक सेकंद ढिला सोडणार नाही. त्यात ते खोकल्यासारखं हसणं की हसण्यासारखा खोकला, ‘व्याख्खा विख्खी वुख्खू’. हे कागदावर लिहून बघा, काहीच होत नाही. ते मामांच्या घशातच आहे. दुसरा कुणी केलं असतं तर आवाज काढल्यासारखं वाटलं असतं, इथे तो माणूस आयुष्यभर तंबाखूच्या धंद्यात बसलाय असं वाटतं.

दुसरा बनवाबनवी, तिसरा ‘गंमत जंमत’, चौथा ‘एक डाव भुताचा’, पाचवा ‘बिनकामाचा नवरा’. आता बोला.

म्हापशेकरीण

डिचोलीकरबाब, कसोटी आवडली पण तुम्ही ती बनवाबनवीला नीट लावलीच नाही.

बनवाबनवीत लक्ष्या साडी नेसतो, सचिन साडी नेसतो, लोक त्यांना हसतात आणि मग म्हणतात की मामा तिथे सपोर्टला आहेत. उलट आहे हो. सगळं खोटं एकट्या धनंजय मानेच्या डोक्यावर आहे. घरमालकाला थाप तो मारतो, नंतरच्या घरमालकीण लीलाबाईंना थाप तो मारतो, दुकानात माधुरी मॅडमसमोर लग्न झालेला नवरा म्हणून तोच अडकतो. बाकीच्या तिघांना वेडेपणा करायची मोकळीक आहे कारण हा एकटा शहाणा आहे आणि त्यालाच सगळं निस्तरायचंय.

ते औषधाचं बघा ना. सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार डायबेटिसच्या औषधाचं विचारतात आणि माने तो औषध आणणारा माणूसच वारला म्हणून सांगतो. मग सरपोतदार आपल्या सत्तर रुपयांचं विचारतात तर तेही वारले. हे बोलताना मामांचा चेहरा बघा, एक कणभर हसू नाही. खरंच कुणाच्या घरी दुखवट्याला गेलेला माणूस बोलेल तसं बोलतात. आणि सुधीर जोशींनी ते ऐकून घेतलंय तेही तितक्याच दुःखाने. दुसरा नट असता तर त्याने ‘तेही वारले’ वर जोर दिला असता, लोकांकडे बघितलं असतं. मामा बघत नाहीत. त्यांना पैसे बुडवायचेत आणि घरातून बाहेरही पडायचं नाहीय, एवढंच त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आहे.

म्हणून माझ्याकडे बनवाबनवी पहिलाच. 1988 चा पिक्चर आहे आणि आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे जमले की अजून लागतो, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पुढचं वाक्य पाठ असतं तरी सगळे थांबतात त्या वाक्यासाठी.

कुडचडे_लोकल

+1 म्हापशेकरीण. आणि मूळ हृषिकेश मुखर्जींचं ‘बीवी और मकान’ (1966) बघा एकदा, तोच सांगाडा आहे, पण धनंजय माने तिथे सापडत नाही. वसंत सबनीसांचे संवाद आणि मामांचं टायमिंग, दोन्ही एकत्र आलं म्हणून माने झाला.

पेडणेकर_मास्तर

तुम्ही सगळी पोरं 1985 पासून सुरुवात करता याचं मला वाईट वाटतं.

‘पांडू हवालदार’ 1975 चा. दादा कोंडके पहिल्यांदा दिग्दर्शन करतायत, पिक्चर सगळं दादांचं, लोक आलेत दादांसाठी. आणि त्या पिक्चरमध्ये सखाराम हवालदार म्हणून एक सडपातळ माणूस उभा राहतो आणि दादांच्या समोर आपली जागा घेतो. दादांच्या समोर! भल्याभल्यांना त्या काळात जमलं नाही हे. दादांचा विनोद बोलण्यातला, द्वयर्थी, धबधब्यासारखा अंगावर येणारा. सखाराम त्याच्याशी स्पर्धा करत नाही, तो फक्त ऐकतो आणि योग्य जागी बघतो. त्यानंतर ‘राम राम गंगाराम’ (1977) मधला म्हमद्या. तिथे तर दादांच्या बरोबरीने लोकांनी त्याला उचलून धरलं.

दुसरं, रंजना. रंजना आणि अशोक सराफ ही जोडी काय होती हे आताच्या लोकांना सांगून कळणार नाही, पिक्चरच बघावे लागतील. ‘गोंधळात गोंधळ’, ‘गुपचुप गुपचुप’, ‘बिनकामाचा नवरा’. डिचोलीकरांनी शेवटचा पाचवा लावला त्याबद्दल धन्यवाद, पण तो वर यायला हवा. कामसू बायको आणि आळशी नवरा, वर निळूभाऊ फुले. रंजना पडद्यावर आली की भलेभले हीरो फिके पडायचे, कारण तिचा वेग फार होता. मामा तिच्या वेगाशी पळत नाहीत, ते आरामात बसून राहतात आणि ती त्यांच्याभोवती फिरते, त्यातून हशा होतो. आणि ‘गुपचुप गुपचुप’ चे प्रोफेसर धोंड कुणाच्याच यादीत नाहीत हे बघून आश्चर्य वाटलं.

हा माणूस नाटकातून आलाय हे विसरू नका. गोपीनाथ सावकार त्यांचे मामा. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’ मध्ये विदूषक करून सुरुवात केलेली. बँकेत नोकरी करता करता नाटकं केली. ज्याने आधी शिरवाडकरांची वाक्यं तोंडात घोळवलीत त्याला वाक्य कुठे सोडायचं आणि कुठे धरून ठेवायचं ते शिकवावं लागत नाही.

नवा_भिडू_पणजी

मास्तर सर, प्रामाणिकपणे सांगतो, मी रंजना-अशोक सराफ यातला एकही पूर्ण बघितलेला नाही. माझ्या वयाच्या लोकांना मामा म्हणजे रील आणि स्टिकर. आणि थेटरात बघितलेलं म्हणजे ‘वेड’, त्यात बापाचं काम आहे, मला ते खूप आवडलं, कॉमेडी थोडीच आहे पण मुलगा वाया चाललाय आणि बाप चिडून थकलाय हे त्यांच्या नुसत्या उभं राहण्यात दिसतं. सुरुवात कुठून करू सांगा.

डिचोलीकर

@नवा_भिडू, रील बंद कर आधी. मनापासून सांगतोय. रीलमध्ये वाक्य तेवढं कापून ठेवतात आणि मामांची गंमत वाक्याच्या आधीच्या दोन सेकंदात असते. समोरचा बोलतोय, मामांना कळलंय की आता आपण मेलो, डोळे एकदा बाजूला जातात, खालचा ओठ थोडा आत जातो, आणि मग थाप बाहेर येते. ते दोन सेकंद कापले की उरतो फक्त डायलॉग. गावच्या जत्रेच्या नाटकात किती जण मामांची नक्कल करतात आपण सगळ्यांनी बघितलंय, आवाज हुबेहूब काढतात, हशा पण मिळतो, पण ते थांबणं कुणाला येत नाही.

सुरुवात ‘गंमत जंमत’ पासून कर. सोपा आहे, पळतो मस्त.

म्हापशेकरीणबाय, तुमचा शहाण्या माणसाचा मुद्दा मान्य आहे, पूर्ण मान्य. पण माझी कसोटी अजून तीच. बनवाबनवीतून मामा काढले तर सबनीस उरतात, लक्ष्या उरतो, सुधीर जोशी उरतात. धुमधडाक्यातून जवळकर काढला तर मधली पाऊण तास नुसती पळापळ उरते.

म्हापशेकरीण

लक्ष्या धुमधडाक्यातही आहे की! आणि तळवलकरांना पिक्चरची भयंकर स्टोरी ऐकवण्याचा त्याचा सीन मामांशिवायच उभा आहे. त्यामुळे तुमच्याच कसोटीने धुमधडाका थोडा तरी उरतो 🙂

बांबोळी_नाईट_शिफ्ट

गंमत जंमत वर कुणीतरी थांबा जरा, गोव्याचे लोक असून पुढे निघालात.

1987 चा पिक्चर, आणि आपल्या वर्षा उसगांवकरचं पहिलं पिक्चर! माझ्या आईच्या पिढीत उसगांवकरांची पोरगी पिक्चरमध्ये आली ही मोठी बातमी होती, वडील राजकारणातले मोठे नाव, घराघरात माहीत असलेले. आई सांगते की आपल्या गोव्याची पोरगी म्हणून लोक गेले आणि येताना अशोक सराफांचं बोलत आले. दोन कडके मित्र श्रीमंत पोरीला पळवून आणतात आणि ती पोरगीच त्यांच्या डोक्यावर बसते, एवढीच गोष्ट. पण नवीन मुलगी आहे, कॅमेऱ्याची सवय नाही, आणि समोर मामांसारखा सीन खिशात घालू शकणारा माणूस आहे, तरी कुठेही ती दबलेली वाटत नाही. मामा तिला जागा देतात. तिच्या दमदाटीला ते इतके खरे घाबरतात की ती आपोआप जबरदस्त वाटते. समोरच्याला मोठं करणारा कॉमेडी नट किती दुर्मिळ असतो सांगा.

आणि ‘अश्विनी ये ना’. किशोरकुमारने मराठीत मोजकीच गाणी गायली, त्यातलं हे, आणि पडद्यावर मामा. किशोरच्या आवाजात इतका खट्याळपणा आहे की कुठल्याही साध्या हीरोवर तो आवाज बसलाच नसता. मामांचं शरीर त्या आवाजासारखंच हलतं, खांदे बघा, पाय बघा. माझ्याकडे गंमत जंमत दुसऱ्या नंबरावर.

मडगावचो_भाटकार

‘चोरीचा मामला’ पण याच पिक्चरमधलं ना? ते गाणं आमच्याकडे लग्नात बँडवाले अजून वाजवतात, कोंकणी गाणी झाली की पुढे हेच.

आणि गाण्यांचं निघालं म्हणून, ‘कळत नकळत’ (1989) मध्ये ‘नाकावरच्या रागाला औषध काय’ मामांनी स्वतः गायलंय. गायक नाहीत पण रुसलेल्या पोरीला समजावणारा माणूस तंतोतंत ऐकू येतो. तो पिक्चर विनोदी नाही, विक्रम गोखले सविता प्रभुणेंच्या मोडत चाललेल्या संसाराची गोष्ट आहे, त्यात मामा घरात थोडी हवा आणतात. माझ्या मुलीला लहानपणी हेच गाणं म्हणून मनवायचो.

वास्कोवाला

बरं झालं आणि कुणी ‘सिंघम’ काढला नाही, म्हणून मीच काढतो. 2011, कोलवा पोलिस स्टेशनचा हेड कॉन्स्टेबल सावळकर. हिंदीवाल्यांनी मामांना पुरेसं कधी वापरलंच नाही, ‘करण अर्जुन’ चा मुन्शी सोडला तर लोकांना आठवत नाही. टीव्हीवर ‘हम पांच’ ने नाव दिलं ते वेगळं. पण सिंघममध्ये एक खरा गोव्यातला पोलिस वाटतो, बरीच वर्षं नोकरी झालेली, वरचे साहेब येतात जातात, आपण शांतपणे बघायचं, आणि मग एका साहेबावर विश्वास बसतो. टॉप दहात नाही येणार, मान्य, पण उल्लेख हवा.

मंगेशी_प्रियोळ

सिंघमच्या आधीपासून मामांचं गोव्याशी नातं आहे वास्कोवाले. मंगेशी त्यांचं कुलदैवत, आणि अशोक-निवेदिता यांचं लग्न आमच्या मंगेशीच्या देवळात झालं. गावातली मोठी माणसं अजून सांगतात. त्यामुळे आमच्या वाड्यावर मामा म्हणजे घरचा जावई की घरचा मुलगा यावरच वाद होतात, नंबरावर नाही. निवेदिता बनवाबनवीत सुषमा आहे, धुमधडाक्यात पण आहे, पण दोन्ही ठिकाणी मामांची जोडीदार नाही हे बघून आमच्या घरची पोरं दरवेळी चिडतात 😀

माझं मत: चौकट राजा.

डिचोलीकर

चौकट राजा कॉमेडी आहे का हो? म्हणूनच मी त्याला यादीत घेतला नाही. श्रेष्ठ पिक्चर आहे, वाद नाही, पण तो प्रभावळकरांचा नंदू आहे.

मंगेशी_प्रियोळ

धाग्याचं नाव काय आहे? अशोकमामांच्या पिक्चरांचे नंबर. कॉमेडीचे नंबर असं कुठे लिहिलंय.

आणि तुमचीच कसोटी लावा. 1991 चा पिक्चर, संजय सूरकरांचं दिग्दर्शन, स्मिता तळवलकर स्वतः त्यात आहेत. दिलीप प्रभावळकर नंदू करतायत, सुलभाताई देशपांडे आई. नंदूची दुखापत, त्याचं लहान मुलासारखं राहून जाणं, आईची फरफट, हे सगळं सतत समोर आलं असतं तर दोन तास बघवलं नसतं. मधे गणा आहे. शेजारचा माणूस, फार शिकलेला नाही, पण नंदूला तो दयेने वागवत नाही. त्याच्याशी मस्करी करतो, त्याला ओरडतो, त्याच्यासाठी भांडतो. वाडीतला एकटा माणूस ज्याला नंदू हा नुसता नंदू वाटतो. मामा तिथे हसवतात ते नंदूला हसून नाही, नंदूबरोबर हसून. एक नट जरा जास्त गेला असता तर सगळा पिक्चर ओशाळवाणा झाला असता. गणा काढा आणि मग सांगा काय उरतं.

पेडणेकर_मास्तर

मंगेशीकरांना माझा पूर्ण पाठिंबा. हाच माणूस ‘हमीदाबाईची कोठी’ मध्ये विजयाबाई मेहतांच्या हाताखाली लुख्खा करत होता, समोर नाना पाटेकर, नीना कुलकर्णी, भारती आचरेकर. ज्यांनी तो लुख्खा बघितला त्यांना गणा अचानक आलेला वाटला नाही. ‘वजीर’ (1994) सारखा राजकारणाचा पिक्चरही बघा, विक्रम गोखल्यांसमोर उभे आहेत आणि हसवायचा मोह कुठेही होत नाही. आपल्या लोकांनी त्यांना कॉमेडीत बसवून ठेवलं, निर्मात्यांनी पण तेच केलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एकेका वर्षात त्यांचे इतके पिक्चर आले की लेखकांना दम खायला वेळ नव्हता, तीच ती लग्नाची भानगड, तोच वेषांतराचा घोळ. त्या गर्दीतले बरेच पिक्चर मामांनी एकट्याने ओढलेत, पण ते वर लावायचं काही कारण नाही.

सत्तरीची_माई

मास्तर बरोबर बोलले. मी एवढंच सांगते की आमच्याकडे वाळपईच्या बाजूला टीव्ही उशिरा आला. चवथीला पोरं पैसे काढून व्हिडिओ भाड्याने आणायची, माटोळीखाली (गणपतीवर बांधतात ती फळा-पानांची सजावट) गणपतीच्या समोर आरती भजन झालं की अंगणात टीव्ही लावायचा आणि रात्रभर तीन कॅसेटी. त्यातली एक मामांची असलीच पाहिजे हा बायकांचा हट्ट असायचा, कारण काय, दिवसभर चुलीकडे नेवऱ्या-मोदकांत गेलेला असायचा आणि मामांच्या पिक्चरमध्ये बाई मार खात नाही, रडत बसत नाही. रंजना असो, वर्षा असो, अश्विनी भावे असो, तीच त्यांना नाचवते. हे तुम्हा पुरुषांच्या कसोटीत कुठे आलं नाही म्हणून लिहिलं. माझा पहिला ‘बिनकामाचा नवरा’.

म्हापशेकरीण

माई, हे लाख बोललात. माधुरी मॅडम दुकानाची मालकीण आणि माने तिथला नोकर, आणि पिक्चर संपेपर्यंत ते तसंच आहे, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. 1988 ला!

कुडचडे_लोकल

‘एक डाव भुताचा’ राहिला. डिचोलीकरांनी चौथा लावून पुढे काही बोललेच नाहीत. 1982, द. मा. मिरासदारांचं लिखाण, प्रभावळकर साधा भित्रा मास्तर आणि मामा भूत. हे पिक्चर माझ्याकडे पहिल्या तिघांत. भूत म्हटलं की मराठी पिक्चरमध्ये पांढरा मेकअप आणि किंकाळ्या. हे भूत गावातल्या माणसासारखं बोलतं, रुसतं, मदत करतं. प्रभावळकर घाबरत घाबरत भुताशी मैत्री करतात, आणि मामांना त्या भित्र्या माणसाची काळजी वाटते ते डोळ्यात दिसतं. चौकट राजा पुढे जे झालं त्याची सुरुवात मला इथेच दिसते. हेच दोघे, हीच समजूत. एकाने अडखळायचं, दुसऱ्याने हात धरायचा.

मंगेशी_प्रियोळ

हे कधी डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही पिक्चर पाठोपाठ बघायला हवेत.

डिचोलीकर

वाचतोय सगळं. एवढं झाल्यावर माझा नंबर असा: धुमधडाका पहिलाच, तिथून मी हलणार नाही. दुसरा बनवाबनवी. तिसरा चौकट राजा घेतो, मंगेशीकरांनी माझीच कसोटी मला लावली आणि गणा तिच्यावर उतरतो. चौथा एक डाव भुताचा. पाचव्याला बिनकामाचा नवरा आणि गंमत जंमत दोन्ही, यातला एक खाली टाकायला मन होत नाही. मास्तरांसाठी सखाराम हवालदार वेगळा, कारण तो पिक्चर दादांचा आहे आणि दादांच्या घरात मामांना पहिला नंबर देणं दादांवर अन्याय होईल.

पेडणेकर_मास्तर

हे चालेल. सखारामला स्वतःला सुद्धा चालेल.

नवा_भिडू_पणजी

मी काल रात्री गंमत जंमत संपवला. बांबोळीवाले खांद्यांचं बोलले ते बरोबर आहे, गाणं तीनदा लावलं. आता पुढचा ‘एक डाव भुताचा’ बघायचाय, पण जिथे मिळाला तिथे आवाज फुटतोय आणि चित्र अर्धं कापलेलं. बरी प्रिंट कुठे आहे कुणाला माहीत आहे का? आणि रंजनाचा आधी कुठला, गोंधळात गोंधळ की बिनकामाचा नवरा?

सत्तरीची_माई

बिनकामाचा नवरा आधी. आणि एकटा बघू नको, घरात आई असेल तर तिला बोलाव.